मला समजलेले जाझ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा माझ्याकडून नाट्यसंगीताची अपेक्षा होती, हे मला ठाऊक आहे. मीही "बरे" म्हणून बसले होते. पण गेल्या महिन्यात त्यांची नात आमच्याकडे पेटी शिकायला आली आणि तिने एकदम विचारले, "आजी, जाझ हे सगळ्यांत अवघड संगीत आहे असे म्हणतात. आपल्या रागदारीपेक्षाही अवघड आहे का हो?" मी तिला म्हटले, "आधी भूपाचे आरोह-अवरोह वाजव." उत्तर टाळायचे असले की शिकवणारी माणसे असेच करतात. पण प्रश्न मनातून गेला नाही. कारण त्याचे उत्तर मी एकदा लेखी दिलेले आहे, आणि ते चुकलेले होते. तेव्हा आज नाट्यसंगीत राहू द्या.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची, 1984 सालची गोष्ट. आम्ही तेव्हा दादरला राहत होतो. वरच्या मजल्यावर एक गोव्याचे ख्रिस्ती जोडपे होते. ते गृहस्थ ट्रंपेट वाजवीत. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत, त्याआधी हॉटेलांतल्या बँडमध्ये त्यांनी उभी हयात काढलेली. आता निवृत्त झाले होते. इमारतीतली मुले त्यांना अंकल म्हणत, मी मास्तर म्हणे. रोज सकाळी साडेदहा ते बारा त्यांचा रियाज चाले. भोंग्यात बूच घालून वाजवीत, तरी स्वयंपाकघरात सगळे ऐकू येई. आणि काय ऐकू येई, तर एकच एक लहानशी ओळ. तीच, पुन्हा तीच, पुन्हा तीच. आणि माझ्या कानांना ती दर वेळी थोडी बेसूर झाल्यासारखी वाटे. माझे मामंजी त्या सुमारास अंथरुणाला खिळलेले. जून महिन्यात सोसायटीकडे अर्ज गेला. बारा सह्या होत्या, माझी दुसरी. अर्ज लिहिलाही मीच, कारण अक्षर चांगले, शिवाय "तुम्हाला गाण्यातले कळते" असे सगळ्यांचे म्हणणे. त्यात मी एक वाक्य घातले होते : हे वादन संगीत नसून एकाच स्वरसमूहाचा निरर्थक गोंगाट आहे. 'विशारद' झालेल्या बाईने लिहिलेले वाक्य! सेक्रेटरींनी ते मोठ्याने वाचून दाखविले म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून ट्रंपेट बंद झाले. ना भांडण, ना जिन्यात तोंड फिरवणे. आठ-दहा दिवसांनी मामंजींनीच मला विचारले, "वरचा वाजवीत नाही का गं हल्ली? मला त्यावरून वेळ कळत असे." त्यांच्याच नावावर तर आम्ही अर्ज केला होता! मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

त्या वर्षीही नाताळात वरून नेवऱ्या आणि दोदोल यांची थाळी आली, दर वर्षी येई तशीच. थाळी रिकामी परत करायची नाही ही आपली रीत. म्हणून संक्रांतीला तीत तिळगूळ घालून मी वर गेले. "तिळगूळ घ्या" म्हणून झाले, पुढचे दोन शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. ट्रंपेटची पेटी कपाटावर चढवून ठेवलेली दिसली. मी विचारले, "मास्तर, आता अगदीच वाजवीत नाही?" ते म्हणाले, "ओठ उतरले, वहिनी."

तोपर्यंत मला हे माहीत नव्हते. ट्रंपेटमध्ये सूर ओठांनी तयार होतो. त्याला कळा तीनच. बाकी सारे स्वर ओठ किती ताणले आणि वारा किती दिला यावर. रोजचा रियाज सुटला की ओठांच्या स्नायूंची ताकद थोड्याच आठवड्यांत जाते. तरुणपणी ती परत आणता येते. मास्तरांचे वय तेव्हा अडुसष्ट होते आणि मध्ये सात महिने गेले होते.

मी काय बोलणार? काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "तुम्ही ती एकच ओळ इतक्या वेळा का वाजवीत होता?" ते हसले. रागाने नव्हे हो, खरेच हसले. म्हणाले, "एकच नव्हती ती. बारा होत्या. बारा पट्ट्यांतून बारा." आणि मग, "तुमच्याकडे पेटी आहे ना? उद्या खाली येऊन दाखवतो."

असे ते खाली येऊ लागले आणि पुढे दोन-अडीच वर्षे येत राहिले. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे त्यातले बहुतेक त्यांनी माझ्या पेटीवर दाखवलेले आहे; काही मी नंतर तबकड्या ऐकून आणि वाचून गोळा केले.

पहिल्या दिवशी त्यांनी पांढरी एकचा सा धरला, त्याबरोबर ग आणि प. तीन स्वर एकदम. यात नवल नाही, हे सिनेमाच्या गाण्यांत आपण ऐकतोच. मग त्यांनी वर नी जोडला. चार स्वर. मग नी काढून कोमल नी घातला आणि म्हणाले, "आता काय वाटते?" मला वाटले की हा सूर कुठेतरी जायला निघाला आहे. तो अर्धवट उभा होता, त्याला कुठेतरी टेकायचे होते. मास्तरांनी त्याला मध्यमावर नेऊन टेकवले आणि म्हणाले, "आता हा सा."

"अहो, हा म!" मी म्हटले.

"होता," ते म्हणाले, "आता सा."

मैत्रिणींनो, माझी सगळी अडचण या एका गोष्टीत होती. आपल्याकडे तंबोरा छेडला की षड्ज ठरला. पुढे तास-दीड तास मैफल चालो, षड्ज जागचा हलायचा नाही. घरातल्या देव्हाऱ्यासारखा तो. आपण कुठेही हिंडून येऊ, तो तिथेच. जाझमध्ये षड्ज चालतो. चालतो म्हणजे भरकटत नाही. कोणत्या मात्रेला कुठे जायचे हे आधी ठरलेले असते आणि सगळ्या वादकांना पाठ असते. पण ऐकणाऱ्याने जर पहिलाच सा मनात घट्ट धरून ठेवला, तर पुढचे सगळे त्याला बेसूर वाटणार. मी वर्षानुवर्षे तेच करीत होते. मास्तर एक ओळ बारा षड्जांतून फिरवून आणीत, आणि मी खाली कांदा चिरताना ती एकाच षड्जावर मोजीत होते.

आपल्यात षड्ज बदलतच नाही असे मात्र समजू नका. मूर्च्छनेत आपण रिषभाला किंवा गंधाराला सा मानतो आणि भूपातून मालकंस निघतो. पण तिथे स्वर तेच राहतात, फक्त बसायची जागा बदलते. जाझमध्ये सगळे सप्तकच उचलून दुसरीकडे ठेवतात.

याचे मोठे उदाहरण म्हणजे जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने 1959 च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रित केलेली 'जायंट स्टेप्स' ही रचना. पेटीवर सांगायचे तर तिचे षड्ज तीन : पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन. पांढरी सातला सा म्हटले तर दुसरा कोमल धैवतावर आणि तिसरा शुद्ध गंधारावर येतो. म्हणजे सप्तकाचे अगदी तीन सारखे भाग. चार-चार मात्रांचे सोळा खंड, मिळून चौसष्ट मात्रा. आणि लय इतकी द्रुत की हे आवर्तन चौदा सेकंदांच्या आत संपते. तेवढ्या वेळात षड्ज या तीन घरांतून पुन्हा पुन्हा जातो, आणि खालचा स्वरमेळ कित्येक ठिकाणी दर दोन मात्रांना बदलतो. समजा, आपण तराणा गातो आहोत आणि मागे बसलेला शिष्य दर दोन-चार मात्रांनी तंबोरा नव्या पट्टीत लावतो आहे, असे झाले तर! आणि वर ते तिथल्या तिथे सुचून गायचे.

त्या ध्वनिमुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनगन होते. अतिशय गुणी वादक. पण कोल्ट्रेनने हे वळण महिनोन्‌महिने घोटलेले, आणि फ्लॅनगनच्या पुढे ते नवीन आलेले. कोल्ट्रेनचे वादन धबधब्यासारखे संपते आणि पियानोची पाळी येते. फ्लॅनगन चार ओळी वाजवतात, अडखळतात, मध्ये जागा सुटतात, शेवटी नुसते स्वरमेळ धरून वेळ निभावून नेतात. आणि ते सगळे जसेच्या तसे तबकडीवर राहिले. जगभर लोक ते अजून ऐकतात. मास्तरांनी मला ती जागा तीन-चारदा ऐकवली. मला वाटले, दुसऱ्याची फजिती दाखवताहेत. पण त्यांनी नंतर दुसरी तबकडी काढली : 1982 साली याच फ्लॅनगननी कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ अख्खी ध्वनिमुद्रिका केली, तिचे नाव 'जायंट स्टेप्स' ठेवले आणि तीच रचना पुन्हा वाजवली. तेवीस वर्षांनी. सहज, डौलात, जिना उतरावा तशी.

आता त्या मुलीचा प्रश्न. हे सगळे ऐकून वाटेल की जाझच सर्वांत अवघड. मलाही काही दिवस तसे वाटू लागले होते. नवा मुसलमान जास्त नमाज पढतो म्हणतात ना, तसे. पण याच कोल्ट्रेनची दुसरी गोष्ट ऐका. 'जायंट स्टेप्स'च्या दोनच महिने आधी, 1959 च्या मार्चमध्ये, तो माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकाबरोबर 'सो व्हॉट' ही रचना वाजवून आला होता. सर्वांत जास्त खपलेल्या जाझ तबकड्यांपैकी एकीत ती आहे. तिचे स्वर मास्तरांनी पेटीवर दाखवले आणि मी ओरडलेच, "अहो, हा तर आपला काफी!" पांढरी दोनला सा धरायचा आणि सगळ्या पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या, ग आणि नी आपोआप कोमल. असे सोळा खंड. मग सगळे उचलून काळी दोनवर, आठ खंड. मग परत पांढरी दोनवर, आठ खंड. मिळून बत्तीस खंड. झाले! दर दोन मात्रांना पळणारा षड्ज इथे सोळा-सोळा खंड जागचा हलत नाही. सुरुवात तर भजनासारखी आहे. मोठा उभा बास एक ओळ म्हणतो, आणि बाकीचे दोनच स्वरमेळांचा जबाब देतात. बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तसे.

तोच माणूस, तीच कला, मध्ये दोन महिने. एक रचना कागदावर कोडे, दुसरी विद्यार्थिनीलाही समजावी अशी. पण 'सो व्हॉट' वाजवायला सोपी आहे का? आपल्यातल्या ज्या रागदारी गातात त्यांना हे सांगायला नको. स्वर पाच-सातच आहेत, पळायला वाट नाही, आणि तेवढ्यातच काहीतरी म्हणायचे आहे, ही तर आपली रोजची परीक्षा. त्याच वर्षी ऑर्नेट कोलमन या वादकाने पियानोच काढून टाकला आणि ठरलेले स्वरमेळही सोडून दिले. ते मला अजून फारसे झेपत नाही, प्रामाणिकपणे सांगते.

लयीचेही असेच. 1958 साली डेव्ह ब्रूबेक हा पियानोवादक अमेरिकन सरकारच्या वतीने तुर्कस्तान, हिंदुस्थान असा फिरला. मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर त्याने वाजवले. तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने नऊ मात्रांचा ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन असा. पुढच्या वर्षी त्याच्या चमूने नऊ मात्रांची एक आणि पाच मात्रांची एक अशा रचना काढल्या. पाचाची ती 'टेक फाइव्ह', पॉल डेझमंडने रचलेली. केवढे कौतुक झाले तिचे! आपल्याकडे झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा शाळकरी मुलगी हातावर मोजते, रूपकाच्या सात मोजते. तेव्हा मात्रांच्या हिशेबात जाझने आपल्याला दिपवावे असे फार नाही. तिहाईचा हिशेब तर त्यांना आपल्याकडून घ्यावा लागेल.

पण एक गोष्ट मला वर्षभर जमली नाही, आणि ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे. आपण एका मात्रेचे दोन भाग करतो ते सारखे करतो. जाझमध्ये दुसरा भाग जरा उशिरा येतो, लंगडत. किती उशिरा? लय विलंबित असली तर जास्त, द्रुत झाली की कमी, आणि प्रत्येक वादकाचा वेगळा. ते कागदावर लिहिता येत नाही. लिहितात सारखेच आणि वाजवतात झुलते. शिवाय टाळी पहिल्या मात्रेवर नाही. दुसरीवर आणि चौथीवर. मास्तर पेटी वाजवीत आणि मला टाळी धरायला सांगत. मी चार आवर्तने नीट धरी, आणि पाचव्याला हात आपोआप समेवर! ते म्हणत, "वहिनी, देवळात गेलात परत."

आणखी एक भेद सांगते. आपला तबलजी ठेक्यातून सतत सांगत असतो की तुम्ही कुठे आहात. खाली आली, आता सम येते. जाझचा तबलजी, म्हणजे ड्रमवाला, तसे बोट दाखवीत नाही. कुठे आहोत हे स्वरमेळ बदलतात त्यावरून ओळखायचे. त्यांचे सर्वांत साधे आवर्तन म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे ब्लूज. त्याचे बारा खंड, अठ्ठेचाळीस मात्रा, आपल्या एकतालाची चार आवर्तने. चार खंड सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, दोन सा. तीनच मुक्काम. आणि गंधार मात्र ना कोमल ना शुद्ध, दोहोंच्या मध्ये कुठेतरी घासून लावलेला. तो गंधार ऐकताना मला परका वाटला नाही. गुलामीत आणलेल्या लोकांच्या वंशजांनी शेतात आणि देवळात गायलेल्या गाण्यांतून हे सगळे वाढले. आपली जात्यावरची ओवी कुणी अवघड म्हणणार नाही. पण ती म्हणून पाहावी म्हणजे कळते.

युरोपातल्या कागदी संगीताबद्दल थोडक्यातच बोलते, कारण माझा तिथे अधिकार नाही. बाखने 1747 साली एका राजाने दिलेल्या सुरावटीवर सहा स्वतंत्र आवाजांची रचना लिहिली; सहा बायका सहा वेगळ्या गोष्टी सांगताहेत आणि तरी एकीचे दुसरीला अडत नाही, अशी कल्पना करा. आपल्या सभेत ते साधलेले नाही. त्या गुंतागुंतीपुढे पुष्कळसे जाझ साधे ठरेल. पण ती गुंतागुंत रचनाकाराने घरी बसून, खोडून, पुन्हा लिहून सोडवलेली असते. जाझवाल्याला खोडता येत नाही. गवयालाही नाही. त्या बाबतीत ते आपले शेजारी, युरोपचे नव्हेत.

आणि सिनेमाचे गाणे? ते सोपे म्हणून मीही नाक मुरडीत असे. मास्तरांनी तिथेही माझे कान उपटले. आपले संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल म्हणून दाखवीत. ती स्वरलिपीत उतरवून तीस-चाळीस वाद्यांत वाटून देण्याचे काम गोव्याचे वादक करीत. अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतली मोठी नावे. गोव्यात चर्चच्या शाळांतून लहानपणीच मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत, त्याचा हा उपयोग. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यापाशी चिक चॉकलेट साहाय्यक होते. 1951 च्या 'अलबेला'तली गाणी ऐकून आपण सगळ्या नाचलो आहोत, लाजायचे कारण नाही. त्यांतले ट्रंपेट जाझचे होते. मास्तर म्हणत, "दिवसा सिनेमा, रात्री जाझ. सिनेमा पोटासाठी." 1978 साली मुंबईत पहिली जाझ यात्रा भरली तेव्हा सनी रोलिन्सला ऐकायला ते गेले होते आणि घरी आल्यावर पहाटेपर्यंत झोपले नव्हते, असे त्यांच्या बायकोने मला सांगितले. तेव्हा त्यांचे ओठ शाबूत होते.

आता जे सांगते ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून जरा हिशेबाचे असले तरी ऐकून घ्या. माझे वाद्य पेटी. पेटीला आपल्याकडे किती बोल लागले! 1940 पासून कितीतरी वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती. कारण काय, तर तिचे स्वर ठरलेले, वाकत नाहीत, आणि खरेही नाहीत. ते बरोबरच आहे. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार किंचित चढा असतो. तरबेज कानांना तो टोचतो. तो असा का? तंबोऱ्याचा खरा गंधार घ्या, त्याला सा माना, त्याचा खरा गंधार घ्या, त्याला सा माना, पुन्हा त्याचा गंधार. अशा तीन उड्यांत तार षड्जावर पोचायला हवे. पोचत नाही! जवळजवळ अर्ध्या पट्टीइतके अंतर कमी पडते. म्हणून पियानोच्या आणि पेटीच्या कारागिरांनी प्रत्येक गंधार थोडा चढवला, म्हणजे तीन उड्या बरोबर बसतात आणि कोणत्याही पट्टीला सा म्हणता येते. 'जायंट स्टेप्स' म्हणजे याच तीन उड्या. खऱ्या गंधारावर ती रचना उभीच राहणार नाही.

म्हणजे पाहा, त्यांनी षड्ज चालता केला आणि त्यासाठी स्वराचा खरेपणा थोडा गहाण टाकला. आपण स्वराचा खरेपणा राखला, श्रुती राखल्या, आंदोलने राखली, आणि त्यासाठी षड्ज खुंटीला बांधून ठेवला. दोन्ही एकदम मिळत नाही. कोमल रिषभ भैरवाचा आणि मारव्याचा वेगळा लावता यावा म्हणून आपण वर्षे घालवतो. तो फरक जाझवाल्याला पियानोवर दाखवताच येणार नाही. आणि आपल्या गवयाला चौदा सेकंदांत तीन घरे फिरवून आणायला सांगितले तर तोही खाली बसेल. त्या मुलीला मी शेवटी हेच सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे बरोबरी झाली?" मी म्हटले, "नाही गं, बरोबरी नाही. वजनाच्या काट्यावर कापड मोजतेस तू."

त्यातही एक खोच राहतेच. बिली हॉलिडे नावाची एक गायिका होती, 1959 सालीच वारली. आवाजाला फार फिरत नाही, तान नाही, कठीण जागा नाहीत. शब्द मात्रेच्या थोडा मागे टाकायचा, एवढेच. मास्तरांनी तिला ऐकवले आणि विचारले, हे कितपत अवघड? मी म्हटले, मला सात जन्मांत जमणार नाही. ते म्हणाले, "मला पण नाही. आणि यात पट्ट्या बदलायच्या नाहीत."

1987 साली ते दोघे गोव्याला आपल्या गावी गेले. जाण्यापूर्वी मी त्यांना त्या अर्जातले वाक्य माझे होते हे सांगितले. एवढ्या दिवसांत धीर झाला नव्हता. ते म्हणाले, "ठाऊक आहे. दुसरे कोणी 'स्वरसमूह' लिहिले असते?"

ट्रंपेट त्यांनी बरोबर नेले. वाजवले की नाही, हे मी पत्रातून कधी विचारले नाही.

असो. बोलणे पुष्कळ झाले. आता जरा पेटी पुढे सरकवा. मी पांढरी दोनचा काफी धरते, ते 'सो व्हॉट'चे सोळा खंड. मग काळी दोन, आठ. मग परत, आठ. तुम्ही सगळ्यांनी टाळी धरायची आहे. पहिलीवर नाही हं. दुसरीवर आणि चौथीवर. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा. लय फार चढवत नाही. एक, दोन, तीन, चार...